सगुणा मास्तरणीची शाळा

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवर कित्येक वर्षं एक शाळा चालत होती. शाळेचा पट एक. शिक्षक एक, तीही बाई. मुख्याध्यापक तीच, शिपाई तीच, पोषण आहार शिजवणारी तीच, आणि पालकसभेला हजर राहणारी एकुलती एक पालकही तीच. सभेत बोलणी देणारी आणि बोलणी खाणारी एकच असल्यामुळे या सभा वेळेवर सुरू होत आणि भांडणाशिवाय संपत. शाळेला मान्यता नव्हती, अनुदान नव्हतं, दारावर पाटी नव्हती. सकाळी शाळा भरताना पळीने तवा बडवला जाई. सुटताना काहीच बडवलं जात नसे, कारण ही शाळा सुटत नसे. सदर शाळेचा शेवटचा दिवस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. सबब हा प्रपंच.

मी रस्त्याकडच्या गावातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. राहतो महाडला, एसटीने जाऊन-येऊन करतो. गणित मला बेतास बात येतं, गप्पा फार चांगल्या येतात, आणि हे माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला कळतं. मी इथे बदलून आलो तेव्हा आमच्या हेडसरांनी माझं स्वागत एका कामगिरीने केलं. शाळाबाह्य मुलं शोधून शाळेत आणायची मोहीम चालू होती. हेडसर म्हणाले, वरच्या वाडीवर एक केस आहे, तुम्ही नवीन आहात, तुम्हीच जा. "नवीन आहात" या दोन शब्दांचा अर्थ मला डोंगर चढताना कळला. माझे गुडघे महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात किती वेळा बुडवून काढलेत याचा हिशेब सवच्या देवालाच ठाऊक. त्या दिवशी ते सगळं पुण्य एका चढणीत खर्ची पडलं.

गाव आणि वाडी यांच्यामध्ये एक वहाळ आहे. उन्हाळ्यात त्यात शेळीच्या खुराएवढं पाणी असतं. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावर सर पडली की तोच वहाळ बघता बघता दोन्ही काठ भरून येतो, झाडं उपटून आणतो, आणि सर थांबली की तासा-दोन तासांत पुन्हा गरीब होतो. त्यावर आता छान सिमेंटचा साकव आहे, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आहेत. मी त्या साकवावरून पलीकडे गेलो. खाली, साकवाच्या अगदी सावलीत, एक बाई डोक्यावर भाताच्या तरव्याच्या मुठी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातून चालली होती. साकव डोक्यावर, आणि ही पाण्यात. मला वाटलं, मासे पकडते आहे. मी वरून विचारलं, सगुणाबाईंचं घर कुठलं? ती मान वर न करता म्हणाली, "शाळा चालू हाय. मागल्या दारानं या."

तीच सगुणा.

तिच्या घरी जाऊन मी ओटीवर बसलो. आत तिची मुलगी नंदा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि भाकरीचे वाटे पाडत अपूर्णांक म्हणत होती. मी मोठ्या सरकारी आवाजात बोलायला सुरुवात केली की मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, कायदा आहे, आणि ही मुलगी शाळाबाह्य आहे. सगुणाने मला हाताने थांबवलं आणि नंदाला सांगितलं, "तपासनीस आलेत. उभी राहा." नंदा पिठाचे हात मागे धरून उभी राहिली. पुढचा अर्धा तास मी तिला विचारत राहिलो आणि ती सांगत राहिली. कोकणातल्या नद्या, पाचाचा वर्ग, पानाचे भाग, शिवरायांचे गड. मी जितकं खोलात जाईन तितकं तिचं उत्तर तयार. शेवटी मलाच पुढचा प्रश्न सुचेना. सगुणा म्हणाली, "सायब, कोरा चहा ठेवलाय. आणि कोण शाळाबाह्य हाय ते लिहून घ्या."

आता असं समजू नका की बाई विदुषी होती. ती दहावी नापास होती, आणि हे ती लपवत नसे. गणितात गेली होती. तिची पद्धत अशी की पोरीच्या आधी एक पान स्वतः वाचून ठेवायचं. या शाळेतली मास्तरीण विद्यार्थिनीपेक्षा कायम एका पानाने पुढे होती, जास्त नाही. कधी नंदा भराभर शिकली तर सगुणा तिला मुद्दाम गुरांकडे पाठवायची आणि तेवढ्या वेळात पुढचं पान उरकून घ्यायची. परीक्षाही घ्यायची. परीक्षेच्या वेळी नंदाला भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि स्वतः तिच्याकडे पाठ फिरवून बसायची. मी एकदा खोडसाळपणे विचारलं, वर्गात दुसरं कोणी नाही, मग ती कॉपी कुणाची करणार? सगुणा शांतपणे म्हणाली, "माझी. माझ्या तोंडावर उत्तर दिसतं तिला."

गणवेशही होता. निळा-पांढरा, आमच्याच शाळेचा. तो थोरल्या मुलीचा होता. नंदाला तो होईनासा झाला तेव्हा सगुणाने तिच्या शाळेतला गणवेश बंद करून टाकला. दुसरा शिवला नाही.

थोरलीचं नाव मंगल. तिची हकीकत मला सगुणाने कधीच सांगितली नाही. ती मला वाडीतल्या सावळारामतात्यांनी सांगितली, उतरताना साकवावर बसून विडी ओढत. मी इथे येण्याच्या आधीची गोष्ट. तेव्हा साकव नव्हता, वहाळातले दगड होते. एका पावसाळ्यात दुपारी डोंगरावर ढग काळे झाले, आणि पोरं वेळेत घरी पोचावीत म्हणून शाळा लवकर सोडली. आमच्याकडे अजून असंच करतात. तळीयेचा डोंगर गावावर कोसळल्यापासून तर जरा आभाळ भरलं की वरून फोन येतो, शाळा सोडा. यात कुणाचं काही वाईट मनात नसतं. पण आमचा वहाळ डोंगरावरची सर संपत आली की भरतो. रोजच्या वेळेला शाळा सुटली असती तर पोरं उतरत्या पाण्याला येऊन थांबली असती, थोडी भिजली असती, आणि घरी गेली असती. लवकर सोडली म्हणून ती बरोबर लोंढ्याच्या तोंडाला आली. हात धरून पार होत होती. मंगल शेवटी होती. तिचा हात सुटला.

ती सापडली खाली, जिथे वहाळ सावित्री नदीला मिळतो तिथे.

पुढच्या वर्षी साकव मंजूर झाला. नारळ फुटला, भाषणं झाली. सगुणा उद्घाटनाला गेली, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबली, आणि सगळे साकवावरून चालत पलीकडे गेले तेव्हा ती खाली उतरून पाण्यातून पलीकडे गेली. त्या दिवसापासून तिने त्या साकवावर पाय ठेवला नाही आणि नंदालाही ठेवू दिला नाही. मी तिला पुढे एकदा धीर करून विचारलं की बाई, असं का. तिने उत्तर दिलं, "पोरगी दिली तवा पूल मिळाला. त्याच्यावरनं चालले म्हणजे सौदा पटला असं होईल. मला नाय पटलेला."

या एका हट्टावर तिचं सगळं घर बेतलेलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात, पण सगुणाची बेगमी म्हणजे वेढा पडणाऱ्या गडाची. मीठ, काड्यापेट्या, तेल, सुकट, आढ्याला टांगलेल्या कांद्यांच्या माळा, तापाच्या गोळ्या आणि पुढच्या इयत्तेची पुस्तकं. पुस्तकांसाठी ती मेमध्ये महाडला यायची आणि दुकानदाराला पानं मोजायला लावायची, कारण एकदा तिला मधली पानं कोरी असलेलं पुस्तक मिळालं होतं आणि तेवढ्या भागापुरती तिची शाळा आंधळी झाली होती. म्हैस ठेवायची की विकायची याचा निर्णयसुद्धा शाळेवर ठरला. म्हैस चारायला साकवाजवळच्या गवतात न्यावी लागते, आणि नंदा साकवाच्या इतक्या जवळ गेलेली तिला चालेना. म्हैस विकली. दूध गेलं, ताक गेलं, नवरा मुंबईहून फोनवर ओरडला. ती म्हणाली, "शाळा चालू हाय, मागनं बोलू."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. लग्नाचं आमंत्रण आलं, शाळा चालू हाय. सासूने आपल्याला माहेरी नेऊन सोडायला सांगितलं, शाळा चालू हाय. नवऱ्याने कळवलं की पोर मोठी झाली, मुंबईला धाड, माझ्या भावजयीच्या हाताखाली होईल, चार माणसांत राहायला शिकेल. भावजयीच्या हाताखाली म्हणजे काय ते सगुणाला पुरतं माहीत होतं, लग्नानंतर तीही दोन वर्षं त्याच हाताखाली होती. शाळा चालू हाय. पहाटे भात कांडताना चालू, लावणीला चिखलात उभं राहून चालू, जेवताना चालू. नंदाला एका पावसाळ्यात सडकून ताप आला. आरोग्य केंद्राच्या आशाताई साकवावरून गोळ्या घेऊन गेल्या. औषधाला साकवाची मनाई नव्हती, पोरीला होती. तापात नंदा काहीबाही बरळायची, आणि सगुणा उशाशी बसून बरळण्यातल्या चुका दुरुस्त करायची. हे सांगताना वाडीतल्या बायका हसायच्या. मीही हसलो. आता ते आठवून हसू येत नाही.

हेडसरांनी मधला मार्ग काढला. नंदाचं नाव आमच्या पटावर घातलं, पट वाढला म्हणून वरचे खूश. वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये. तेव्हा वहाळ कोरडा, नंदा साकवाखालच्या दगडांवरून येई, पेपर देई, आणि मार्क असे आणी की आमच्या रोज येणाऱ्या पोरांनी मान खाली घालावी. मी सगुणाला म्हटलं, निदान कोरड्या दिवसांत तरी पाठवा. ती म्हणाली, "उन्हाळ्यात सोडलेलं पावसाळ्यात धरता नाय येत, सर."

बीजगणित सुरू झालं तशी सगुणाची गाडी अडू लागली. मग ती दिवाळीनंतर, पाणी उतरलं की, खाली यायची आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहायची. फाटकाच्या आत तिने कधीच पाऊल टाकलं नाही. मी मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर कोळशाने समीकरणं सोडवून दाखवायचो. ती पदराने घाम पुसत बघायची, मग स्वतः एक सोडवायची, चुकायची, आणि स्वतःलाच म्हणायची, "थोबाड फोडीन." फी म्हणून तवसं, म्हणजे गावठी काकडी, नाहीतर नाचणीच्या पिठाची पुरचुंडी. भिंतीच्या त्या भागावर अजून तिच्या क्ष आणि य यांचे काळे डाग आहेत. हेडसर दर वर्षी रंग काढायचा म्हणतात आणि तेवढा भाग सोडतात.

आता तो दिवस सांगतो ज्या दिवशी तिने आमची शाळा ताब्यात घेतली.

जुलै होता. सगुणा सकाळी रेशन आणायला अलीकडे आली होती आणि तिच्या मागे पाऊस सुरू झाला. पाणी चढलं. साकवावरून जायचं नाही म्हणजे ती अलीकडेच अडकली. दुपारी नेहमीप्रमाणे फोन आला आणि हेडसरांनी शाळा लवकर सोडायची घंटा द्यायला सांगितली. पोरं दप्तरं घेऊन फाटकाशी पोचली तर फाटक बंद. बाहेरून कडी घातलेली, आणि कडीला पाठ टेकून सगुणा उभी. डोक्यावर तांदळाचं गोणपाट, पावसाने निथळत होती. पोरं थबकली. शिपायाने आवाज दिला, शिक्षक धावले, शेवटी हेडसर स्वतः छत्री घेऊन आले. आमचे हेडसर सज्जन माणूस, फारच मृदू बोलतात. ते गजांमधून म्हणाले, "बाई, अहो पोरं सुखरूप घरी जावीत म्हणूनच तर लवकर सोडतोय."

सगुणा वळली नाही. म्हणाली, "माझीपण लवकरच सोडली होती."

हेडसरांनी छत्री मिटली, का ते त्यांनाही माहीत नसावं, आणि भिजत परत गेले. पोरं वर्गात बसली. तास संपले, शाळेची रोजची वेळ टळून गेली, आणि पाऊस ओसरल्यावरच तिने कडी काढली. आता खरी गंमत ऐका, म्हणजे तुम्हाला ती गंमत वाटली तर. त्या दिवशी वहाळाला पाणी साकवाच्या निम्म्यापर्यंतही आलं नव्हतं. पोरं कधीही गेली असती तरी कोरड्या पायांनी गेली असती. गावात महिनाभर हसणं झालं. पालक येऊन भांडले. कुणी म्हणालं बाईला वेड लागलंय. तिच्या कानावर ते गेलं. पण आमच्याकडे एक गोष्ट बदलली. लवकर शाळा सोडायची वेळ आली की वाडीच्या पोरांबरोबर एक शिक्षक साकवापर्यंत जाऊ लागला, शेवटचं पोर पार होईपर्यंत थांबू लागला. कुणी ठराव केला नाही. बहुतेक वेळा तो शिक्षक मी असे, कारण माझी एसटी उशिराची.

आणि ती स्वतः? पाणी उतरायच्या आत तो पाऊस पुन्हा लागला आणि तीन दिवस धरला. सगुणा अलीकडच्या काठावर, गावातल्या एका पडवीत. नंदा पलीकडे आजीपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरलो तर वहाळाकडून किंकाळ्या ऐकू आल्या. धावत गेलो. सगुणा अलीकडच्या काठावर उभी राहून ओरडत होती, "बारा साते?" पलीकडच्या काठावर नंदा ओरडत होती, पण पाण्याच्या गर्जनेत तिचा आवाज पोचत नव्हता. मग तिने आठ बोटं वर केली आणि नंतर चार. सगुणाने मान डोलावली आणि किंचाळली, "बोटं नको, आवाज काढ. पोटातनं काढ." दोन काठ, मध्ये लालभडक पाणी, आणि त्या पाण्यावर दोघींच्या मधोमध रिकामा, कोरडा, भक्कम साकव. पावसात एवढी हास्यास्पद आणि एवढी भयंकर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत नंदाचा आवाज अलीकडे पोचायला लागला होता. स्पष्ट, खणखणीत. मी साकवावर उभा राहून ऐकला.

नंदाला मी कधी दुःखी पाहिली नाही, पण एकदा साकवाच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली पाहिली. पायाचा अंगठा सिमेंटच्या कडेला लावून, आत न टाकता. मला म्हणाली, "सर, तुमची शेवटची घंटा वाडीवर ऐकू येते. ती झाली की पोरं काय करतात?"

मी म्हटलं, घरी जातात.

तिने अंगठा कडेवरून मागे घेतला. मग म्हणाली, "आमी घरीच असतो. आमी कुठं जायचं?"

 

नंदा नववी झाली. जूनमध्ये, पाणी चढायच्या आधी, सगुणा फाटकाबाहेर आली. हातात दहावीचं गणिताचं पुस्तक होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं, पण उघडलं नाही. म्हणाली, "सर, माझं पान संपलं. मी इथंच पडले होते. हिच्यापुढं आता मला राहता नाय येणार." मी म्हटलं, मग पाठवा तिला. साकव आहे, मी उभा असतो, पोर हुशार आहे, बोर्डात नाव काढेल. आणि नाही पाठवलंत तर नववीवर तिची शाळा थांबली, मग मुंबईची भावजय आहेच. सगुणा भिंतीवरचे जुने काळे आकडे बघत राहिली. तिला सगळं कळत होतं. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, एक साकवावरून, दुसरी मुंबईला, आणि दोन्ही वाटांवर तिच्या मते पोरगी हातातून जात होती. ती म्हणाली, "दसऱ्यानंतर बघू. पाणी उतरू दे."

दसरा तिला दिसला नाही.

श्रावणात एका सकाळी गवताचा भारा बांधताना तिला फुरसं चावलं. पायाच्या घोट्याला. हे मला नंतर नंदाने सांगितलं, क्रमाने, उत्तर सांगावं तसं. सगुणा घरी चालत आली, ओटीवर बसली, आणि आरडाओरडा न करता नंदाला म्हणाली, विज्ञानाच्या पुस्तकातला सर्पदंशाचा धडा काढ आणि मोठ्याने वाच. नंदा वाचत गेली. जखम कापू नये, कापली नाही. पाय हलवू नये. फळीला बांधून सरळ ठेवला. मांत्रिकाकडे जाऊ नये. सासूने मांत्रिकाला निरोप धाडला होता, सगुणाने त्याला दारातून परत पाठवला. शाळा चालू आहे म्हणून. धडा तिने अक्षरशः पाळला. शेवटचं वाक्य होतं, रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे. नंदाने ते वाचलं. सगुणाने बाहेर पावसाकडे पाहिलं आणि म्हणाली, पाणी उतरू दे.

नंदाने ते वाक्य पुन्हा वाचलं. सगुणा म्हणाली, ऐकलं, बस खाली.

आणि नंदा बसली. तिने आयुष्यात आईचं न ऐकलेलं असं काही नव्हतं. सकाळ गेली. पाणी उतरलं नाही. पाय मांडीपर्यंत सुजला. मग सगुणाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा नंदा उठली, आईला न विचारता बाहेर गेली, आणि सावळारामतात्यांना हाक मारली.

पुढचं सांगून टाकतो म्हणजे ते मागे राहणार नाही. जीपने पोलादपूर, तिथून महाड. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. ते मला म्हणाले की रक्त गोठायचं थांबून बराच वेळ झालेला होता, सकाळी आणलं असतं तर. दुसऱ्या दिवशी ती गेली. दिवसकार्य झाल्यावर नवरा नंदाला मुंबईला न्यायला उभा राहिला. नंदा त्याला म्हणाली, "शाळा चालू हाय, बाबा." आईच्या आवाजात म्हणाली असं तात्या सांगतात. तो एकटा परत गेला. आता ती माझ्या वर्गात आहे, दहावीला. शेवटची घंटा झाली की बाकीची पोरं दप्तर उचलून पळतात. ही बसून राहते, वर्ग पुरता रिकामा झाला की उठते. एसटी उशिराची आहे, मीही बसतो.

पण मला सगुणा आठवते ती महाडच्या खाटेवरची नाही. मला ती आठवते त्या दुपारची, वहाळावरची.

शाळा लवकर सोडली होती. मी वाडीची पोरं घेऊन साकवाशी आलो होतो, शेवटचं पोर पलीकडे पोचलं होतं, आणि मी परत फिरणार तेवढ्यात वरून डोली उतरताना दिसली. घोंगडी बांबूला बांधलेली, चार गडी, पुढे सावळारामतात्या, बाजूला नंदा. पाणी साकवाच्या खाली हातभरावर आलं होतं आणि साकव थरथरत होता. डोली साकवाच्या तोंडाशी आली, आणि घोंगडीतून सगुणाचा हात वर आला. मला शब्द ऐकू आले नाहीत. हात मात्र दिसला. तोच हात, ज्याने तिने मला पहिल्या दिवशी ओटीवर थांबवलं होतं. चौघे गडी थांबले. त्यांनी डोली खाली ठेवली. धडधाकट माणसं, भर पावसात, एका मरायला टेकलेल्या बाईच्या हाताच्या इशाऱ्यावर. मी अलीकडून जीव तोडून ओरडलो, दोन्ही हात हलवले. पाण्यापुढे माझं काही पोचलं नाही. तात्या माझ्याकडे बघत होते आणि तिच्याकडे बघत होते, आणि उचलत नव्हते.

तेव्हा नंदा डोलीला वळसा घालून पुढे आली. तिने खाली पाहिलं, सिमेंटच्या त्या कडेकडे, आणि साकवावर पाय ठेवला. मग दुसरा. कठड्याला न धरता ती चालत मधोमध आली, माझ्यापासून काही पावलांवर, आणि मला वाटलं ती माझ्याकडेच येते आहे. पण ती थांबली, पाठ माझ्याकडे केली, तोंड आईकडे केलं, आणि पोटातून आवाज काढून, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडली:

"आये, शाळा सुटली. चल आता."